जुन्या पिकअप गाडीचा एकांतरा ताप

हिंवतापाचा रोगी वैद्याच्या ओट्यावर येऊन बसतो, तेव्हां त्याचें अंग पुष्कळदां थंड असतें. काल दुपारीं दांत वाजत होते, उद्यां दुपारीं पुन्हा वाजतील. परंतु आज नाडी पाहावी तर कांहींच सांपडत नाहीं. जुन्या मोटारीच्या एंजिनाचीं कांहीं दुखणीं अगदीं याच जातीचीं असतात. गाडी वाटेंत बंद पडते, चार माणसें ती ढकलतात, मालकाच्या तोंडचें पाणी पळतें. आणि मिस्त्री येऊन बॉनेट उघडतो न उघडतो तोंच ती सेल्फच्या पहिल्या हिसक्यास चालू होऊन अशी गुरगुरूं लागते कीं, जणूं कांहीं झालेंच नव्हतें. सदा बिघडलेलें एंजिन दुरुस्त करणें सोपें असतें, कारण दोष समोर उभा असतो. येऊनजाऊन असणारा दोष मात्र मिस्त्रीला दिसत नाहीं; तो गाडी हांकणाऱ्यालाच दिसतो, आणि गाडी हांकणाऱ्याचें कोणी ऐकत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत बैलगाडीच्या जागीं आतां जुनी, दुसऱ्या हातची पिकअप उभी असते. दूध, भाजी, खत, चारा, कधीं लग्नाचें वऱ्हाड, सारें तिच्यावरच चालतें. असली गाडी रस्त्यांत थांबली म्हणजे केवळ गाडी थांबत नाहीं. मागचा नाशवंत मालहि थांबतो, आणि बाजाराचा लिलाव कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून या विषयावर माझ्या स्वतःच्या फजितीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

२०२३ सालच्या जुलै महिन्यांत टोमॅटोनें शहरांतील किरकोळ बाजारांत किलोस शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली होती, हें सर्वांच्या स्मरणांत असेलच. ज्यांच्या शेतांत त्या वेळीं माल होता त्यांस असे दिवस पुन्हा केव्हां येतील याची खात्री नव्हती, आणि एक दिवस उशीर म्हणजे भाव उतरण्याची धास्ती. त्या महिन्यांत माझी गाडी ओतूरहून माळशेज घाटानें कल्याणच्या बाजारास दिवसाआड जात असे. गाडी २००६ सालची, डिझेलवर चालणारी, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाची. पहिल्यांदा ती मढच्या पुढें, घाटाच्या तोंडाशीं बंद पडली. रात्रीं दोनचा सुमार, धुकें असें कीं रस्त्याची कड दिसूं नये, आणि मागें साठ क्रेट टोमॅटो. एंजिनानें आधीं दोनतीन आचके दिले, मग त्याचा जोर गेला, मग तें थांबलें. ड्रायव्हरनें वीस मिनिटें वाट पाहिली, फिल्टरवरच्या हातपंपानें डिझेल चढविलें आणि गाडी चालू केली. कल्याणास पोंहोंचेपर्यंत ती आणखी दोनदां अशीच थांबली. तोंपर्यंत लिलाव आटोपला होता. उरलेल्या व्यापाऱ्यांनीं जो भाव सांगितला त्या भावास माल द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशीं गाडी गॅरेजांत नेली. तेथें ती बंद पडेना. मिस्त्रीनें डिझेल फिल्टर बदलला. जुना काळा पडला होता, त्यामुळें आमची सर्वांची खात्री पटली कीं रोग सांपडला. त्यानंतरची खेप बिनबोभाट झाली. त्याच्या पुढच्या खेपेस गाडी पुन्हा थांबली. मग इंजेक्टर काढून तपासणीस पाठविले. पुन्हा एक खेप चांगली, दुसरी वाईट. मग एंजिनाला डिझेल ओढून देणारा जो लहान फीड पंप असतो त्याचें आंतील सामान नवें घातलें. पुन्हा तोच प्रकार. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी एक खेप नीट जाई आणि आम्ही त्या दुरुस्तीला यश देत असूं. गॅरेजांतून गाडी घेतली कीं तशीच डिझेलच्या पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरावयाची, हा माझा जुना नेम. या नेमांतच सारें रहस्य दडलें होतें. पण तें मला दीड महिन्यानें कळलें.

आमचा ड्रायव्हर गांवचाच, नऊ वर्षें माझ्या गाडीवर होता. पहिल्याच आठवड्यांत तो मला म्हणाला होता, "तात्या, टाकी अर्ध्यावर आली कीं गाडी दम टाकते बघा. टाकी भरून देत जा." आतां डिझेलचे भाव सर्वांस ठाऊक आहेत. जो ड्रायव्हर एकसारखी टाकी भरून मागतो त्याच्या मनांत दुसरें कांहीं असावें, असें मला वाटूं लागलें. आणि असें वाटावयास एकदां आरंभ झाला म्हणजे पुरावे आपोआप गोळा होतात. कोणी म्हणालें, तो वाटेंत डिझेल काढून विकत असेल आणि वर रॉकेल ओतीत असेल, म्हणून एंजिन आचके देतें. मीं त्यास तोंडावर चोर म्हटलें नाहीं. मीं टाकीच्या झांकणास कुलूप बसविलें आणि किल्ली माझ्या खिशांत ठेवली. तिसऱ्या दिवशीं त्यानें गाडीची किल्ली माझ्या ओट्यावर ठेवली व तो दुसऱ्याकडे कामास गेला. त्यानंतर पुतण्या व मी आळीपाळीनें गाडी नेऊं लागलों. कुलूप होतें, किल्ली माझ्या खिशांत होती, आणि गाडी पूर्वींप्रमाणेंच बंद पडत होती.

आमच्या भागांत विहिरीवरचे पंप व ऑईल एंजिनें दुरुस्त करणारे एक वृद्ध फिटर आहेत. मोटारी हा त्यांचा धंदा नव्हे, म्हणून इतके दिवस त्यांच्याकडे जाण्याचें मनांत आलें नाहीं. एके सायंकाळीं त्यांच्या दुकानावरून जातांना सहज गोष्ट निघाली. मीं काय काय सामान बदललें त्याची यादी सांगूं लागलों, तेव्हां त्यांनीं हात वर केला. "तात्या, काय बदललेंस तें नको. कशी मरते तें सांग. दिवा फुंकून विझवावा तशी, कीं तेल संपलेल्या समईसारखी?"

या एका प्रश्नानें निम्में काम होतें, हें प्रत्येक गाडीमालकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. एंजिन एकदम, बटन बंद केल्यासारखें थांबलें तर बहुधा विजेचा दोष असतो. आचके देत, जोर गमावीत, धापा टाकीत थांबलें तर बहुधा इंधनाचा. डिझेल एंजिनास पेट्रोलप्रमाणें ठिणगी लागत नाहीं, तेव्हां विजेचा येथें संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु यांत्रिक पंपाच्या पुष्कळ गाड्यांत पंपावर एक लहान विद्युत्-चुंबक बसविलेला असतो. त्यास मिस्त्री लोक स्टॉप सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरविली कीं त्यास वीज मिळून डिझेलची वाट मोकळी होते, वीज तुटली कीं वाट बंद. (कांहीं गाड्यांत रचना याच्या उलट असते.) त्या तारेचें टोक सैल झालें, तार कोठें पत्र्यास घांसून उघडी पडली किंवा किल्लीच्या स्विचांतील संपर्क झिजला, म्हणजे खड्ड्याच्या धक्क्यासरशीं एंजिन मरतें आणि पुढच्या धक्क्यानें तार जागेवर बसली कीं पुन्हा चालू होतें.

हा चोर पकडण्याची फिटरबाबांची युक्ति फार साधी आहे. बारा व्होल्टचा एक लहान दिवा घ्यावा. त्याचें एक टोक सोलेनॉइडच्या तारेस जोडावें, दुसरें गाडीच्या धातूस, आणि लांब तार घेऊन दिवा ड्रायव्हरच्या समोर टांगावा. तारेच्या वाटेंत एक फ्यूज अवश्य असावा, नाहींतर तार कोठें चेपली गेल्यास आग लागावयाची. मग गाडी रोजच्या कामास न्यावी. एंजिन मरतांना दिवाहि विझला तर वीज वाटेंत तुटते असें ठरलें. दिवा तेवत राहिला आणि एंजिन मेलें, तर तारा निर्दोष. खुद्द सोलेनॉइड मात्र निराळें तपासावें लागतें. बॅटरीपासून एंजिनास जाणारी अर्थची पट्टीहि जुन्या गाडींत गंजते. सेल्फ मारतांना बॅटरीचें ऋण टोक व एंजिनाचा उघडा धातु यांमध्यें मल्टिमीटर धरावा. कांटा अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर पट्टीचीं टोकें घांसून स्वच्छ करावीं. या कामास खर्च जवळजवळ नाहीं, आणि कित्येक नव्या बॅटऱ्या केवळ ही पट्टी न घांसल्यामुळें विकत घेतल्या जातात.

आमच्या गाडींत दिवा तेवतच राहिला. एंजिन समईसारखें मरत होतें.

"मग आतां लिहून काढ," बाबा म्हणाले. "पाना नंतर उचलूं." त्यांनीं शाळकरी मुलाची एक वही मागविली आणि तींत घरें आंखून दिलीं: तारीख, गाडी थांबली तें ठिकाण, चढ कीं उतार कीं सपाटी, गाडी भरलेली कीं रिकामी, पाऊस कीं कोरडें, एंजिन तापलेलें कीं थंड, टाकींत डिझेल किती, कशी मेली, कशानें जगली. मला तें पोरकट वाटलें. वही पुतण्यानें ठेवली, आणि त्याबद्दल त्याचें कौतुक केलें पाहिजे, कारण भर पावसांत रस्त्याच्या कडेस उभें राहून लिहिणें सोपें नव्हे. "५ ऑगस्ट. टोकावड्याच्या पुढें, सपाटी. क्रेट भरलेले. रस्ता कोरडा. कांटा पावाच्या जरा वर. आचके देत बंद. हातपंप मारून बारा मिनिटांत चालू." "९ ऑगस्ट. परतीची खेप, गाडी रिकामी. घाटाचा चढ, मुसळधार पाऊस. कांटा अर्ध्याच्या खालीं." अशा नोंदी पांच आठवड्यांत सात झाल्या.

त्या सात ओळी बाबांच्या दुकानांत दिव्याखालीं धरून आम्ही एकेक घर बोटानें खालीं वाचीत गेलों. पाऊस तीनदां, कोरडें चारदां. म्हणजे पावसाचा संबंध नाहीं. भरलेली पांचदां, रिकामी दोनदां. चढ चारदां, सपाटी तीनदां. एंजिन कधीं तापलेलें, कधीं नुकतेंच चालू केलेलें. फक्त एका घरांत सातहि वेळां एकच गोष्ट होती: टाकींतील डिझेल अर्ध्याच्या खालीं. आणि ज्या खेपांत गाडी थांबली नाहीं त्या खेपांचा डिझेलचा हिशेब काढला तेव्हां त्यांत टाकी अर्ध्याखालीं गेलेलीच नव्हती. आमच्या गाडीची टाकी साठ लिटरची, आणि कल्याणच्या एका जाण्यायेण्यास वीसबावीस लिटर लागतें. म्हणून टाकी भरल्यावर पहिली खेप सुखाची आणि दुसरींत ताप, असा तो एकांतरा होता. मधूनमधून मी दहावीस लिटरच भरीत असें, त्यामुळें त्याचा क्रम मोडून आमची दृष्टि फसत असे.

बाबा हंसले व म्हणाले, "सक्शन पाईप फुटला आहे."

विहिरीवर पंप चालविणाऱ्या कोणाहि शेतकऱ्यास हें वाक्य एका क्षणांत समजेल. पंपाच्या सक्शन पाइपास मध्यावर बारीक भोंक पडलें तर काय होतें? पावसाळ्यांत विहीर भरलेली असते, भोंक पाण्याखालीं असतें; तें भोंकहि पाणीच ओढतें आणि पंप निर्वेध चालतो. उन्हाळ्यांत पाणी खालीं जातें, भोंक उघडें पडतें, पंप हवा घेतो आणि पाणी सोडतो. आणि विशेष हें कीं, त्या भोंकांतून पाण्याचा एक थेंबहि बाहेर गळत नाहीं, कारण तेथें ओढ आंतल्या बाजूस असते. मोटारींत तीच रचना आहे. टाकींत वरून खालपर्यंत एक उभी नळी सोडलेली असते. तिच्यांतून फीड पंप डिझेल ओढतो, तें फिल्टरमधून मुख्य पंपाकडे व तेथून इंजेक्टरांकडे जातें, आणि उरलेलें परतीच्या नळीनें टाकींत येतें. फीड पंपाच्या पुढें कोठेंहि गळती असली तर डिझेल बाहेर येऊन ओला डाग पडतो. फीड पंपाच्या मागें असली तर डाग पडत नाहीं, हवा मात्र आंत जाते. गॅरेजांतील मिस्त्रींनीं सर्व जोड पुसून पाहिले होते व "गळती कोठें नाहीं" असें सांगितलें होतें. त्यांचें म्हणणें खरेंच होतें. डाग शोधावयाची जागाच ती नव्हती.

थोड्याशा हवेनें एवढें एंजिन कां मरावें, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. डिझेल एंजिनांत हवा आधीं अतिशय दाबली जाते, तिच्या मूळ आकाराच्या सुमारें विसाव्या हिश्श्यापर्यंत. त्या दाबानें ती इतकी तापते कीं वर उडविलेलें डिझेल ठिणगीशिवाय पेटतें. तें उडविण्यासाठीं इंजेक्टरची सुई उचलावी लागते, आणि जुन्या पद्धतीच्या एंजिनांत त्यास चौरस सेंटिमीटरास शेंदोनशें किलोंचा दाब लागतो. डिझेल हा द्रव पदार्थ असल्यामुळें दाबला जात नाहीं. पंपानें एका टोकास रेटलें कीं दुसऱ्या टोकास सुई उचलते. मध्यें हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा सारा रेटा त्या बुडबुड्यास दाबण्यांत खर्च होतो, सुई उचलत नाहीं, आणि त्या सिलिंडरांत स्फोट होत नाहीं. एखाददुसरा बुडबुडा परतीच्या नळीनें निघून जातो, त्यामुळें एंजिन नुसता आचका देऊन सांवरतें. बुडबुडे सांचले म्हणजे थांबतें.

परंतु अनुमानावर टाकी उतरविणें बाबांना मान्य नव्हतें. प्रथम त्यांनीं फिल्टर व मुख्य पंप यांच्यामध्यें वीतभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बसविली आणि दोन्ही टोकांस क्लिपा घट्ट केल्या. टाकी भरलेली असतां नळींतून स्वच्छ, अखंड डिझेल वाहतांना दिसलें. टाकींतील डिझेल काढून कांटा पावावर आणल्याबरोबर त्याच नळींत मोहरीसारखे बुडबुडे धांवूं लागले. एंजिन जोरानें फिरविलें तों ते हरभऱ्याएवढे झाले. मग दुसरी परीक्षा. पांच लिटरच्या स्वच्छ डब्यांत डिझेल घेऊन तो मागच्या हौद्यांत पक्का बांधला, फीड पंपाची ओढीची नळी टाकीऐवजीं त्या डब्यांत सोडली, आणि परतीची नळीहि त्याच डब्यांत नेली, नाहींतर डबा पाहतां पाहतां रिकामा होतो. अशी गाडी गांवाभोंवतालच्या चढउतारांवर तासभर फिरविली. एकहि बुडबुडा नाहीं, एकहि आचका नाहीं. पुन्हा टाकीची नळी जोडली, आणि दहा मिनिटांत गाडी थांबली. आतां पंप, फिल्टर, इंजेक्टर हे सारे आरोपांतून मुक्त झाले. दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या चार हात अंतरांतच होता.

टाकीवरचें फ्लोटचें युनिट उघडून नळी बाहेर काढली. वरून पाहतां ती धड दिसत होती. बाबांनीं तिचें खालचें टोक अंगठ्यानें दाबलें, तिला डिझेलच्या बादलींत बुडविलें आणि वरून फुंकर घातली. मध्यावर, जेथें एक कडी नळीस जोडलेली होती तेथें, केसासारख्या तड्यांतून बुडबुड्यांची माळ निघाली. वर्षानुवर्षें डिझेल हिंदकळून नळी थरथरत राहिली असावी आणि त्या जोडापाशीं ती चिरली असावी. त्याच मापाची नवी नळी घालून पितळी झाळ दिला, युनिटाखालीं नवें रबरी पॅकिंग घातलें. मजुरी दोनशें रुपये. झाळण्याचें काम टाकीपासून दूर, नळी पुसून कोरडी केल्यावरच केलें. डिझेल किंवा पेट्रोल ज्या टाकींत होतें ती टाकी रिकामी दिसली तरी तिच्यावर वेल्डिंग कधींहि करूं नये. आंतील वाफेचा स्फोट होऊन माणसें मेलीं आहेत.

प्रत्येक गाडीचा एकांतरा ताप याच कारणाचा असेल असें नव्हे. याच्याशीं सारख्या दिसणाऱ्या एकदोन दुखण्यांची ओळख येथें करून देतों. टाकीच्या झांकणास किंवा टाकीस हवा आंत येण्याची बारीक वाट असते. ती चिखलानें बुजली कीं डिझेल जसजसें संपतें तसतशी टाकींत पोकळी होते व ओढ थांबते. गाडी तास दीड तास चालल्यावर जोर जातो, आणि थोडा वेळ उभी केली कीं हवा हळूहळू आंत शिरून पुन्हा चालू होते. परीक्षा अशी: गाडी थांबण्याच्या बेतांत असतां झांकण सैल करावें, सुस्कारा ऐकूं आला आणि एंजिन सांवरलें तर रोग तोच. मीं संशयापायीं जें कुलपाचें झांकण बसविलें होतें त्यास सुदैवानें हवेचें भोंक होतें. नसतें तर एका रोगांत दुसऱ्याची भर पडली असती. दुसरें, टाकींत एखादें पान, चिंधीचा धागा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा तरंगत असतो. ओढीनें तो नळीच्या तोंडास जाऊन चिकटतो, गाडी थांबते. ओढ थांबली कीं तो सुटून पडतो, आणि दहा मिनिटांनीं गाडी चालू. यांत नळींत बुडबुडे फारसे दिसत नाहींत, प्रवाहच बारीक होतो, आणि चढावर व भरल्या ओझ्यास त्रास अधिक होतो. डब्यांतून डिझेल घेण्याची जी परीक्षा वर सांगितली ती येथेंहि उपयोगी पडते.

पावसाळ्यांत डिझेलमध्यें पाणी सांचतें, तें निराळें. फिल्टरखालच्या वाटीचा नळ आठवड्यांतून एकदां सोडून पाणी काढावें, एवढें पुरे आहे. टाकी रात्रभर रिकामी न ठेवतां भरून ठेवल्यास आंतल्या पत्र्यावर दंव कमी धरतें.

गाडी थंड असतां चटकन् चालू होते, पण तापल्यावर बंद केली कीं अर्धा तास चालू होत नाहीं, असा प्रकार असेल तर मुख्य पंप आंतून झिजल्याचा संशय घ्यावा. तापलेलें डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटतें. एंजिन बंद असतां पंपावर ओलें फडकें ठेवून तो निवविला आणि गाडी लगेच चालू झाली, तर पंप तपासणीस धाडावा. चालत्या पंपावर थंड पाणी मात्र ओतूं नये. तो आंत धरून बसतो.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या, विशेषतः २०२० सालच्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांच्या गाड्यांत डिझेलचा दाब एक हजार बारच्या कितीतरी वर जातो. तेथें चालत्या एंजिनाची नळी सैल करून हवा काढण्याचा जुना उद्योग करूं नये. ती धार कातडी भेदून आंत शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते. अशा गाड्यांत तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर हें एक नित्याचें कारण आहे, आणि तो स्कॅनर लावून पाहावा लागतो. परंतु स्कॅनर लावणाऱ्यासहि तुमची वही उपयोगी पडेल. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत कॉइल तापून ठिणगी जाणें आणि उन्हांत नळींतच पेट्रोलची वाफ होणें हीं दुखणीं पूर्वींपासूनचीं आहेत. आतां पेट्रोलांत आमच्याच उंसाचें इथेनॉल मिसळलें जातें, तेव्हां तसल्या गाड्यांच्या जुन्या रबरी नळ्या फुगल्या किंवा चिरल्या आहेत कीं काय हें दरवर्षीं पाहावें.

नळी बदलल्यापासून आमची गाडी टाकी पावाच्या खालीं गेली तरी आचका देत नाहीं. तडा गेलेली जुनी नळी घेऊन मी एके सकाळीं ड्रायव्हरच्या घरीं गेलों. काय बोलावें हें वाटेंत पुष्कळ योजिलें होतें. तेथें गेल्यावर तें सारें विसरलों आणि नळी त्याच्या हातांत दिली. त्यानें ती उजेडाकडे धरली, तडा नखानें चांचपला आणि "अर्ध्यावरच आहे कीं, तात्या," एवढेंच म्हणाला. त्याच्या घरच्यांनीं चहा दिला. तो माझ्याकडे परत आला नाहीं. जेथें गेला आहे तेथें त्यास पगारहि अधिक आहे. टाकीच्या झांकणाचें कुलूप मीं त्याच दिवशीं काढून टाकलें. वही अजून गाडींत आहे; पुतण्या आतां तींत टायरांच्या नोंदी ठेवतो.